घाटातली ओढ

“गाडी स्टॉक आहे म्हणालासा न्हवं?” इर्शादनं लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं.

“म्हणजे कशी?”

“म्हणजे कंपनीतनं आली तशी. आतल्या कॉम्प्युटरला कुणी हात लावलेला नाही, अशी.”

“तशीच आहे. शोरूममधनं मीच आणली. दुसऱ्या कुणाला चालवायलाही देत नाही.”

पिकअपचं दार उघडं होतं. स्टिअरिंगखाली खोचलेली वायर त्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपपर्यंत आली होती आणि तो ड्रायव्हरच्या सीटवर आडवा बसून आकड्यांचे रकाने वरखाली करत होता. मी बाहेर उभा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गल्लीत त्याचं गॅरेज होतं. शेजारी लेथ चालायची, तिचा आवाज सारखा. गॅरेजमध्ये दोन उघड्या जीपा आणि एक रेसची मोटरसायकल. माल वाहायची गाडी घेऊन त्याच्याकडं येणारा मी पहिलाच असावा.

आल्या आल्या त्यानं मला परत पाठवायचाच प्रयत्न केला होता. “मामा, धंद्याच्या गाडीला ट्यून करण्यात अर्थ नाही,” तो म्हणाला होता. “ओढ वाढते, नाही असं नाही. पण क्लच तोच, गिअरबॉक्स तोच, रेडिएटर तोच. कंपनीनं ते जेवढ्या ताकदीला केलेत त्याच्यावर आपण बोजा चढवायचा आणि तुम्ही रोज माल भरून घाट चढणार. थोडे दिवस बरं वाटंल. मग एक दिवस क्लच जळंल, न्हाय तर टर्बो जाईल, आणि माझ्या नावानं बोटं मोडशीला. जीपांना करतो मी, रविवारी चिखलात खेळायला. पोटाच्या गाडीला नको.”

“मला जास्तीचं काही नको,” मी म्हणालो. “आधी चढायची तशी चढू दे.”

“आधी चढायची?”

“उडत चढायची.”

तेव्हा कुठं त्यानं लॅपटॉप काढला.

आता त्यानं मला आत वाकून बघायला सांगितलं. पडद्यावर एकासारखे एक दोन तक्ते होते. “ही ह्याच मॉडेलची कंपनीची फाईल. ती माझ्याकडं असते. आणि ही तुमच्या गाडीतली. लाल झालंय तेवढं वेगळं आहे. इथं डिझेल कमी सोडलंय. इथं टर्बोचा दाब उतरवलाय. चढाला, भरलेल्या गाडीला जिथं ताकद लागते तिथं जास्त कापलंय. सपाटीला फारसं कळणार नाही.”

“बिघडलंय म्हणजे?”

“बिघाड असता तर दिवा लागला असता, धूर आला असता. हे बिघडलेलं नाही, मामा. हे कुणीतरी बसून केलंय. आणि येणाऱ्यानं केलंय, सफाई आहे हाताला.” त्यानं माझ्याकडं बघितलं. “लोक माझ्याकडं ताकद वाढवायला येतात. कमी करून घेतलेली गाडी मी पहिल्यांदाच बघतोय.”

तो काय म्हणतोय ते मला समजलं होतं. पण ते आत उतरायला वेळ लागला, कारण तोवर वर्षभर मी दुसरंच काहीतरी खरं मानून बसलो होतो.

मी कळ्याचा. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना वाटेत लागतं ते कळे. त्या काळात मी पिकअपमधून दुपारी भाजी भरून देवगडला न्यायचो, रात्री बंदरावर गाडीतच झोपायचो, आणि पहाटेच्या लिलावातली मासळी बर्फात घालून करूळ घाटानं वर कोल्हापूरला आणायचो. माल मार्केटला नाही, थेट खानावळींना. सावंतबाईंची मालवणी खानावळ ही माझी सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. ताजं, वेळेवर, आणि जेवणाच्या गर्दीआधी. माझं नाव त्यावरच झालं होतं. करूळचा घाट मी जसा चढवायचो तसा त्या रस्त्यावर कुणी चढवत नव्हतं. हे मी म्हणत नाही, बाकीचे पिकअपवाले म्हणायचे. गाडीला कधी ओरखडा नव्हता.

माझे वडील, आण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्याच घाटात काढलेली. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या खाकी शर्टाला असायचा आणि निवृत्त झाल्यावरही तो शर्ट आईनं खुंटीवरून काढला नव्हता. मला गाडी त्यांनी शिकवली. गिअर कसा ऐकायचा, चढाला वळण कुठून धरायचं, समोरच्याच्या चाकांकडं बघून तो कुठं जाणार ते कसं ओळखायचं. त्यांच्या शब्दावर मी कधी शंका घेतली नाही. गाडी चालवण्याच्या बाबतीत तर नाहीच.

मागच्या वर्षी मला कावीळ झाली आणि मी अंथरुणाला खिळलो. त्या आजारपणात आण्णा गाडी घेऊन जाऊन सर्व्हिसिंग करून आले. बरा होऊन मी गाडीवर बसलो आणि पहिल्याच खेपेला घाटात ती जड वाटली. दुसरा गिअर टाकून पाय पूर्ण दाबावा तरी तिचा जीव वर येईना. ज्या ट्रकना मी मागं टाकायचो त्यांच्या मागं मागं यायला लागलो. मला वाटलं, आजारातून उठलोय, आपल्यालाच तसं वाटत असेल. पण पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही.

मी एअर फिल्टर बदलला. डिझेल फिल्टर बदलला. पंप बदलून बघितला, म्हणजे ज्या पंपावर डिझेल भरायचो तो. शिरोलीत एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये माझे दाजी, मालनताईचे यजमान, बळवंतराव कामाला होते. गाड्यांच्या कॉम्प्युटरचं सगळं तेच बघायचे. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी स्कॅनर लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, “एक पण फॉल्ट दाखवत नाही, सर्जेराव. गाडी क्लीन आहे.”

घरी येऊन मी आण्णांना ते सांगितलं. ते जेवत होते. घास खाऊन झाल्यावर ते म्हणाले, “गाडीला काय झालेलं न्हाई. हात बदलतात माणसाचे. आजारातनं उठलं की फरक पडतो. माझ्या डेपोत बघितलेत मी असे.”

“परत येतात?”

“कुणाचे येतात, कुणाचे न्हाईत.”

मला ते पटलं नाही. म्हणून एका रविवारी ते स्वतः माझ्याबरोबर आले. रिकामी गाडी घेऊन आम्ही वैभववाडीपर्यंत खाली उतरलो आणि वर येताना ते स्टिअरिंगवर बसले. किती सुंदर चालवायचे ते. गाडी कुठंही अडखळली नाही, सुरात वर आली. गगनबावड्याला पोचल्यावर त्यांनी हँडब्रेक ओढला आणि चावी माझ्या हातात दिली.

“चढते की,” ते म्हणाले. “मला चढते.”

त्या दिवसापासून मी गाडीला दोष द्यायचं थांबवलं. शाहूपुरीत जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचीही गरज नाही. विमल, माझी बायको, म्हणायची, तुम्ही झोपेत पाय दाबता गादीवर, ॲक्सिलरेटर दाबल्यासारखं. पिकअपवाल्यांच्यात उभं राहणं मी बंद केलं, कारण कुणीतरी हसून विचारायचंच, काय पोवार, सायलेन्सरमध्ये उंदीर शिरला काय. एक दिवस सावंतबाई म्हणाल्या, “सर्जेराव, तुझो माल चांगलो, पण माझी कढई तुझी वाट बघत थांबणा नाय.” त्यांनी दुसऱ्या गाडीवाल्याला निम्मी मासळी सांगितली. मग सगळीच. मी कोंबडीखाद्य वाहायला लागलो.

गाडी ट्यून करून बघतो, असं मी घरात काढलं तेव्हा आण्णा चिडले होते. ते सहसा आवाज चढवायचे नाहीत. “कंपनीपेक्षा शहाणा झालास? त्यांनी हिशेबानं बनवलेल्या वस्तूला हात लावायचा न्हाई.” म्हणून मी घरी न सांगता इर्शादकडं आलो होतो. चाळिशीला आलेला माणूस, आणि बापाच्या चोरून आल्यासारखा.

“काय करू?” इर्शाद विचारत होता. “मूळची फाईल टाकू परत?”

“टाक.”

“थोडं वर ठेवू? आलाच आहात तर.”

“नको. होतं तेवढंच.”

काम झाल्यावर मी गाडी बाहेर काढली. मागं खाद्याची पोती होती. पुलाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडीनं मला सीटमध्ये मागं ढकललं. मी रस्त्याच्या कडेला थांबलो. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच होते. ते माझेच हात होते आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. वर्षभर त्यांना काहीही झालेलं नव्हतं. मला रडू आलं. ते आनंदाचं होतं की कशाचं, ते तेव्हा कळलं नाही. मागून कुणीतरी हॉर्न दिला म्हणून मी गाडी पुढं घेतली आणि सरळ शिरोलीला गेलो.

दाजी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले. सर्व्हिस सेंटरच्या कुंपणाजवळ बाकावर त्यांनी डबा उघडला होता. मला बघून त्यांनी नेहमीसारखी जागा केली. “या, भाकरी खावा.”

मी उभाच राहिलो. “दाजी, माझ्या गाडीची ताकद कुणी उतरवली?”

त्यांनी भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. नाकारलं नाही, एवढं त्यांचं चांगलं. “कुणी सांगितलं?”

“ज्याला येतं त्यानं. तुमच्या हाताला सफाई आहे म्हणाला.”

ते जमिनीकडं बघत राहिले. “बसा तरी.”

“तुम्ही स्कॅनर लावून मला क्लीन आहे म्हणून सांगितलंत. मी किती वेळा आलो तुमच्याकडं? पोरगा आजारी पडल्यावर डॉक्टरकडं जावं तसा येत होतो. ताईच्या हातचा चहा पाजून पाठवत होता मला.”

“मालनला काय माहीत न्हाई. तिला ह्यात धरू नका.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आण्णा आले होते, सर्जेराव. तुम्ही अंथरुणात होता तवा. गाडी सर्व्हिसिंगला लावली आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, हिची ताकद कमी करता येते काय, त्याला कळणार न्हाई अशी?”

मला ते ऐकू आलं, पण मी परत विचारलं, “कोण म्हणालं?”

“आण्णा.”

लंच संपल्याची घंटा झाली. दाजी उठले नाहीत.

“मी न्हाई म्हणालो होतो,” ते म्हणाले. “त्यांच्या पायावर हात ठेवून म्हणालो, हे नको. तर ते काय बोलले माहीत आहे? तुम्ही कावीळ व्हायच्या आधी त्यांना वैभववाडीच्या लग्नावरनं घेऊन आला होता बघा. त्या दिवशी घाटात एक टँकर आला म्हणे वळणाला. तुम्ही दाबून काढली गाडी, आतल्या अंगानं. आण्णा म्हणाले, बळवंत, मी डोळे मिटले. एवढी वर्षं ह्या घाटात काढली, कधी डोळे मिटले न्हाईत. म्हणाले, माझं पोरगं ह्या घाटात मरणार, आणि मी सांगितलं तर हसणार. मला त्यांच्याकडं बघवंना झालं. म्हणून केलं.”

तो दिवस मला नीट आठवत होता. लग्नाचं जेवण, मागं बसलेले दोन पाहुणे, आणि तो टँकर. जागा होती. मी बघूनच घेतली होती, तशी जागा मी रोज घेत होतो. आणि घरी उतरताना आण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. “चांगली आणलीस,” म्हणाले होते. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या गाडी चालवण्याबद्दल त्यांनी केलेलं ते एकुलतं एक कौतुक. मी ते विमललाही सांगितलं होतं.

“हात बदललेत, हे पण तुम्ही दोघांनी ठरवलं होतं?” मी विचारलं.

“ते न्हाई. ते मला आत्ता तुमच्याकडनं कळतंय.”

मी निघालो. दाजी मागून काहीतरी बोलले, मी थांबलो नाही.

घरी पोचलो तेव्हा आण्णा सोप्यात बसून आईबरोबर लसूण सोलत होते. निवृत्त झाल्यापासून अशी कामं ते आवडीनं करायचे. समोर पाकळ्यांचा छोटा ढीग होता. मी चप्पल काढली नाही.

“आण्णा, शिरोलीतनं आलो. दाजींकडनं.”

त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली आणि ढिगावर ठेवली. “चहा घेतलास?”

“गाडी परत होती तशी करून घेतली.”

आईनं दोघांकडं बघितलं. “काय झालंय गाडीला?”

“काय न्हाई झालं,” आण्णा म्हणाले. “तू आत जा.”

“आई कुठं जाणार नाही,” मी म्हणालो. “तिलाही कळू दे. माझी गाडी ह्यांनी मंद करून ठेवली होती. दाजींकडनं. मी आजारी असताना.”

लसणाचा गड्डा तिच्या हातात तसाच राहिला.

“जिवंत हाईस की,” आण्णा म्हणाले.

“मला सांगायचं होतं तुम्ही.”

“सांगून ऐकलं असतंस?”

“नसतं. भांडलो असतो तुमच्याशी. दोन दिवस जेवलो नसतो. पण मग मला माहीत असतं की तुम्हाला माझी गाडी पसंत नाही. तुम्ही म्हणालात चांगली आणलीस.”

त्यांनी ढिगातली एक पाकळी उचलून परत ठेवली.

“बरं, ताकद कमी केलीत. ते मी समजून घेतो. बाप आहात, भीती वाटली. पण माझे हात बदलले असं का सांगितलंत? मी डोळे तपासून आलो, आण्णा. तुम्ही रिकामी गाडी घाटात चढवून दाखवलीत मला. रिकामी. माझ्या हातात चावी दिलीत आणि म्हणालात, मला चढते.”

आण्णांनी मांडीवरची सालं एका हातानं गोळा केली. “तू सारखा विचारायला लागलास,” ते म्हणाले. “काहीतरी सांगायला पायजे होतं.”

असं म्हणाले ते. काहीतरी सांगायला पाहिजे होतं. मी एवढा वेळ ज्या रागानं बोलत होतो तो त्या एका वाक्यानं गेला, आणि त्या जागी काहीच उरलं नाही. माझं वर्ष ज्या वाक्यानं खाल्लं ते त्यांनी विचार करूनही बोललेलं नव्हतं. जेवता जेवता तोंडाला आलं, बोलले.

“उद्या मी देवगडला चाललोय,” मी म्हणालो. “सावंतबाईंना फोन करतो, एक खेप बघा म्हणून. तुम्ही माझ्याबरोबर या. परवा माल भरून घाट चढू. मग सांगा, माझे हात कसे आहेत ते.”

“त्यांना कशाला न्हेतोस?” आई म्हणाली.

“येतो,” आण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोबी आणि मिरच्या भरून आम्ही निघालो. त्यांनी कापडी पिशवीत एक धोतर, टॉवेल आणि पान-तंबाखूची चंची घेतली होती. देवगडला बंदरावर त्यांनी जुन्या ओळखीची माणसं शोधून काढली, एसटीचा ड्रायव्हर म्हणून त्यांना तिथं अजून लोक ओळखत होते. सगळ्यांना त्यांनी सांगितलं, हा माझा मुलगा. सकाळी लिलावात मी सुरमई आणि बांगडा घेतला, बर्फ फोडून क्रेट लावले. आण्णांनी ताडपत्रीची दोरी स्वतः आवळली.

वैभववाडी सोडली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. घाट सुरू झाला. मी मुद्दाम जोरात घेतली नाही. मुद्दाम हळूही घेतली नाही. माझी जशी चालते तशी चालवली. पहिल्या मोठ्या वळणालाच गाडीनं चढ धरला, दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर गेली आणि ओढत राहिली. पुढं लाकडाचा ट्रक होता, त्याला वळणाआधीच्या सरळ तुकड्यात मागं टाकलं. वर्षभर जिथं मी ट्रकच्या धुरात बसून यायचो तिथून मी मोकळा वर चाललो होतो. प्रत्येक वळण मला आठवत होतं. कुठं मोरी आहे, कुठं कठडा तुटलाय, कुठं पाणी झिरपून रस्ता कायम ओला असतो. हात आपोआप चालत होते.

आण्णा ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. डोळे उघडे. एकदाही त्यांनी दारावरचं हँडल धरलं नाही. पण एका वळणाला गिअर टाकताना माझं लक्ष खाली गेलं. त्यांचा उजवा पाय पुढं ताठ झाला होता आणि टाच खालच्या मॅटवर रुतली होती. त्यांच्या बाजूला ब्रेक नसतो. ते तरीही दाबत होते. पुढच्या वळणालाही. त्याच्या पुढच्याही. समोरून काही येत नसतानाही.

मी वेग कमी करू शकलो असतो. ते माझ्या मनात आलं. पण मग त्यांना काय दिसलं असतं? मी जसा चालवतो तसाच चालवत राहिलो, आणि तसाच गगनबावड्याला आलो.

बसस्टँडसमोर गाडी थांबवली. ते उतरले, दाराला धरून थोडं थांबले, मग समोरच्या टपरीवर जाऊन पाणी प्यायले. तोंडावर मारलं. मी दोन चहा सांगितले. आम्ही उभ्यानंच घेतला.

मी वाट बघत होतो. चांगलं म्हणा, वाईट म्हणा, एकदा खरं काय वाटतं ते म्हणा. कप रिकामा झाला तरी ते काही बोलले नाहीत. स्टँडमध्ये कोल्हापूरची बस लागली होती. आण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग गाडीजवळ जाऊन सीटवरची आपली कापडी पिशवी काढली.

“तू हो पुढं,” ते म्हणाले. “तुला उशीर होईल. मी एसटीनं येतो.”

“आण्णा, कळ्यावरनंच जायचंय मला. घरासमोरनं.”

“व्हय. पण तू हो पुढं.”

“आता घाट संपला. सगळी सपाटी आहे.”

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना काहीतरी म्हणायचंय असं मला क्षणभर वाटलं. मग ते वळले आणि बसकडं चालायला लागले. ड्रायव्हर वयानं माझ्यापेक्षा लहान होता. त्यानं ओळखून नमस्कार केला, खाली उतरून त्यांची पिशवी घेतली, आणि आपल्या मागच्या सीटवरच्या पोराला उठवून त्यांना बसवलं. त्या ड्रायव्हरला त्यांनी याआधी कधी चालवताना बघितलंही नसेल. सीटवर बसल्यावर आण्णा मागं टेकले. घाटभर ते टेकले नव्हते.

बस माझ्याआधी सुटली. मी टपरीवाल्याला पैसे दिले, ताडपत्री बघितली, क्रेटखालून बर्फाचं पाणी गळत होतं ते बघितलं आणि गाडी सुरू केली.

असळजच्या पुढं ती बस मला दिसली. रस्ता लांबवर मोकळा होता. मी थोडा वेळ मागंच राहिलो. मग हॉर्न दिला. बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि जा म्हणून हलवला.

मी गिअर टाकला आणि गेलो. खिडकीकडं बघितलं नाही.